बद्द

२०२४ च्या नवरात्रातली चौथी रात्र. साडेअकरा वाजले असतील, पहिला राउंड संपून ब्रेक झालेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि साउंडवाला स्टेजच्या मागून येऊन मला म्हणतो, "भाई, बेस संभळातो नथी," म्हणजे ऐकू येत नाहीये. मी म्हटलं मग वाढव की. तर म्हणे मगाशीच वाढवलाय, नुसतं गुम गुम येतंय, सूर काय वाजतोय तेच कळत नाही. मी ते ढोलवाल्यावर ढकलून दिलं. आमच्याकडे काहीही बिघडलं की ते ढोलवाल्यावर ढकलायची पद्धत आहे, तो बिचारा काही बोलत नाही, त्याला ऐकूच येत नसतं.

मी बडोद्यात गरब्याच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. नोकरी वेगळी आहे, हे वर्षातले नऊ दिवस आणि वर शरद पौर्णिमा, शिवाय गणपतीत मराठी मंडळींचे दोन-तीन भावगीतांचे कार्यक्रम, इतकंच. लोकांना वाटतं गरबा म्हणजे ढोल आणि गाणारे, बेसवाला कोण ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि खरं सांगायचं तर आमचं काम चोख झालं की लक्षात येऊ नयेच. पण नाही झालं तर ग्राउंडवर गोल फिरणाऱ्या हजारो पायांना काहीतरी पोकळ लागतं. काय ते त्यांनाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याकडे गेलो होतो. आत्या दांडिया बाजारात राहते, जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी सूरसागरच्या काठावरच्या म्युझिक कॉलेजात गाणं शिकली. म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा काढली, तिचंच पुढे युनिव्हर्सिटीत झालेलं रूप. आत्याच्या बोलण्यात गवई फैयाज खाँसाहेब असे येतात की शेजारी राहत होते असं वाटावं. खाँसाहेब १९५० मध्ये गेले तेव्हा ही जेमतेम शाळेत जायला लागली असेल, पण ते तिला सांगायची कुणाची हिंमत नाही. तर तिच्याकडे बसून मी सहज बेस काढला, ॲम्पबिंप काही नाही, नुसताच मांडीवर घेऊन बोटं चालवत होतो. ती आतून चहा घेऊन आली, दारात थांबली आणि म्हणाली, "अरे ही तार बद्द वाजतेय की. खर्जाची. माठ तडकल्यासारखी."

मी म्हटलं आत्या, बेस असाच असतो, जाड आवाज. ती म्हणाली जाड वेगळं आणि बद्द वेगळं. मग तिने कोपऱ्यातला तानपुरा काढायला लावला, जो आता ती फक्त गुरुपौर्णिमेला काढते, आणि खर्जाची पितळी तार छेडली. एकदाच. त्या एका तारेतून वरचे किती सूर निघतात हे ज्याने तानपुऱ्याजवळ कान नेलाय त्यालाच माहीत, खालचा षड्ज तर असतोच पण त्याच्यावर पंचम दिसतो, गंधार दिसतो, सगळं झणझणत असतं. आत्या म्हणाली, "तुझ्या तारेत फक्त खालचा आहे. वरचं कुणीच नाही घरात."

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणासाठी. त्या तारा तीन वर्षं जुन्या होत्या आणि मला त्या छान वाटत होत्या. अगदी मनापासून छान.

तार मरते म्हणजे काय होतं? बेसची तार तुटत नाही सहसा. गिटारवाल्यांच्या पातळ तारा टणकन तुटतात, त्यांना निर्णय घ्यावाच लागत नाही. बेसची तार म्हणजे आत स्टीलचा गाभा आणि त्यावर दुसरी तार स्प्रिंगसारखी गच्च गुंडाळलेली, बहुतेक वेळा निकेलचा मुलामा दिलेलं स्टील, किंवा मग स्टेनलेस. त्या गुंडाळीच्या प्रत्येक वळशामध्ये बारीक खाच असते, आणि वाजवताना आपल्या बोटाची मेलेली कातडी, घाम, तेल, धूळ असलं सगळं त्या खाचांत जाऊन बसतं. घाम खारट, वर थोडा आम्लधर्मी, त्यामुळे धातू खातो. शिवाय तार दर वेळी त्याच त्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, दाबली जाते, त्यामुळे खालच्या बाजूला तिथे तिथे खड्डे पडतात. नख फिरवून बघा, लागतात.

आता चांगली तार म्हणजे जिचं वजन टोकापासून टोकापर्यंत सारखं असतं. तेव्हाच तिचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे रांगेत येतात. मध्येच कुठे मळ जास्त बसला, कुठे खड्डा पडला की वजन बिघडलं, वरचे स्वर आपापसात भांडायला लागतात आणि मळाने ते लवकर विझतातही. मग मोकळी तार ट्यूनरवर बरोबर दाखवते पण बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर लागत नाही, ट्यूनरचा काटाही नीट थांबत नाही, थरथरतो. मी दीड वर्ष हा दोष गिटारच्या पुलाला (जिथे तारा खालच्या टोकाला अडकवतात), मग मानेला, मग ट्यूनरच्या बॅटरीला देत होतो.

आणि ढोलाचं काय ते मला आत्याच्या त्या वाक्यानंतर कळलं. बेसची सगळ्यात खालची ई ची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, तिच्यावरची ए ५५ वर. इतके खालचे आवाज कानाला लागतात त्यापेक्षा पोटाला जास्त लागतात. सूर कुठला हे कानाला कळतं ते मुख्यतः वरच्या ८२, १२३, १६४ अशा स्वरांवरून. मोबाईलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही, तरी आपल्याला त्यावर बेसची ओळ ऐकू येते ना, ती या वरच्या स्वरांमुळे, खालचा स्वर मेंदू स्वतःच जुळवून घेतो. आता ग्राउंडवर त्याच खालच्या पट्ट्यात ढोलाचा दणका बसलेला असतो. माझ्या मेलेल्या तारांचं वरचं सगळं गेलेलं, उरलं ते फक्त ढोलाच्या अंगणातलं. साउंडवाला वाढवेल तेवढा तो गुमगुमाटच वाढणार. म्हणजे त्या रात्री ढोलवाला निर्दोष होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

घरी येऊन ड्रॉवर उघडला. नवा सेट होता माझ्याकडे, मुद्दाम घेऊन ठेवलेला, बंद पाकिटात. पण तो ऑगस्ट विसरून कसं चालेल. विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या अकोट्याच्या घरात खालच्या मजल्यावर दीड फूट पाणी होतं, बेस भिंतीवर टांगलेला म्हणून वाचला, पण पाकीट सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये. वाळवलं होतं मी ते, वरून चांगलं दिसत होतं. उघडलं तर जाड दोन्ही तारांवर तपकिरी ठिपके. न वाजवलेली तारही गंजते हे तेव्हा समजलं. काही कंपन्या हवाबंद पाकिटं देतात तो नुसता दिखावा नसतो, साध्या कागदी पाकिटातली तार आपल्या दमट हवेत पूर नसला तरी हळूहळू गंजतेच. आता माझा जास्तीचा सेट गव्हाच्या डब्याशेजारी फळीवर असतो, बायकोला आवडलेलं नाही.

मग काय, पाचवी रात्र डोक्यावर, दुकानं बंद व्हायची वेळ, म्हणून मी ते केलं जे कॉलेजात असताना करायचो. तारा उकळल्या.

हा प्रकार माहीत नसेल तर सांगतो. तारा काढायच्या, वेटोळी करायची, पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळायच्या, मळ सुटतो, मग कोरड्या फडक्याने पुसून नीट वाळवायच्या. कॉलेजात असताना आईच्या सांडग्यांच्या पातेल्यात मी हे केलं होतं आणि पाण्यावर जो तवंग आला तो बघून आईने पातेलं भंगारात दिलं, ते पातेलं तिच्या लग्नातलं होतं हे मला पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं. या वेळी माझं स्वतःचं वेगळं भांडं होतं. आणि चालतं हो ते. पाचव्या रात्री तारा चक्क बोलल्या, साउंडवाल्याने लांबून अंगठा दाखवला. सातव्या रात्रीपर्यंत अर्ध्या झोपल्या. नवव्या रात्री पुन्हा माठ. उकळल्याने मळ जातो पण खड्डे कुठे जाणार, आणि काढ-घाल करताना खुंटीपाशी जिथे तार वाकलेली असते तिथेच ती कमकुवत होते, माझी डी ची तार तिथेच दुसऱ्या वर्षी गेली. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणं जास्त चांगलं, गंज धरत नाही, तेही मी केलंय, प्लास्टिकच्या पाइपला दोन्हीकडे बूच लावून. फक्त गुजरातेत केमिस्टकडे जाऊन एक लिटर आयसोप्रोपाइल अल्कोहोल मागितलं की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या मागे कुणी आहे का बघतो. तारा धुवायच्यात असं सांगितलं तर संशय वाढतो. सॅनिटायझर बनवतो म्हणावं.

इथे मला माझं एक जुनं पाप सांगायला हवं. तीन वर्षं तारा न बदलण्याचं कारण पैसे नव्हतं, म्हणजे दोन-अडीच हजाराचा सेट काही फुकट नाही, पण माझ्याकडे एक भारी कारण होतं, जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला, साठच्या दशकातली त्यांची किती गाणी त्याच्या बोटांवर उभी आहेत, आणि हा माणूस तारा तुटल्याशिवाय बदलायचाच नाही. त्या मळातच मजा आहे असं त्याचं मत. वा! मला तर आयता गुरू मिळाला, कुणी विचारलं की मी जेमरसनचं नाव पुढे करायचो, आणि आळसाला तत्त्वज्ञानाचा दर्जा मिळाला.

पण मी अर्धीच गोष्ट सांगत होतो. त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या. फ्लॅटवाउंड म्हणजे वरची गुंडाळी गोल तारेची नसून चपट्या पट्टीची, वरून अगदी गुळगुळीत, खाचाच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे मळ शिरायला जागा कमी आणि मुळात आवाजच आखूड, ठस, गोल. अशा तारा जुन्या होतात तशा मुरतात, लोणच्यासारख्या. त्या पाच-दहा वर्षं लोक आरामात ठेवतात. आणि तो स्टुडिओत वाजवत होता, समोर गरब्याचा ढोल नव्हता. माझ्याकडे राउंडवाउंड तारा, म्हणजे गोल तारेच्या गुंडाळीच्या. १९५१ मध्ये लिओ फेंडरने पहिला प्रिसिजन बेस काढला तेव्हा फ्लॅटवाउंडच असायच्या, राउंडवाउंडची हवा झाली ती पुढे, १९६६ मध्ये इंग्लंडात द हू बँडचा जॉन एंटविसल रोटोसाउंड कंपनीकडे जाऊन बसला की मला पियानोच्या खालच्या पट्टीसारखा खणखणीत आवाज पाहिजे, आणि त्यांनी त्याच्याबरोबर बसून त्या तारा केल्या. म्हणजे माझ्या तारांचा जन्मच खणखणाटासाठी झालेला, आणि मी त्यांना जेमरसनच्या नावाने तीन वर्षं मारून ठेवलं. हे म्हणजे पापड हवाबंद डब्याबाहेर ठेवायचा आणि म्हणायचं मुरतोय.

तर तारा किती दिवस चालतात? सगळे हेच विचारतात, आमच्या ऑर्केस्ट्रात नवीन आलेला पोरगा पण हेच विचारत होता. मी त्याला म्हटलं हात दाखव. तो घाबरला. पण खरंच हातावर असतं ते. आमच्यात एक गिटारवाला आहे त्याचा घाम इतका खारा की नवी तार दोन आठवड्यांत काळी पडते, आणि दुसरा एक जण आहे त्याचे हात कायम कोरडे, त्याच्या तारा वर्षभर चमकतात, देवाघरचा न्याय. रोज दोन-तीन तास वाजवणारा, त्यात स्लॅप करणारा, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणारा असेल तर त्याला महिन्या-दोन महिन्यांतच फरक ऐकू येतो. घरी आठवड्यातून दोनदा वाजवणाऱ्याचं सहा महिने, वर्षही चालतं. नवरात्राच्या नऊ रात्री म्हणजे रोज चार तास, ऑक्टोबरचा उकाडा, त्यात बारानंतर मैदानावर दव पडायला लागतं, मला तरी या नऊ रात्री एरवीच्या चार महिन्यांसारख्या वाटतात.

आणि सेव उसळ. हे कुठल्याच तारांच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. ब्रेकमध्ये सगळे सेव उसळवर तुटून पडतात, वर ती लाल तर्री, हात रुमालाला पुसल्यासारखे केले की पुन्हा स्टेजवर. तेलाचं बोट राउंडवाउंड तारेवर चार तास घासल्यावर अजून काय होणार! मी आता ब्रेकमध्ये लिलो चेवडो, म्हणजे आमचा ओलसर चिवडा, पण चमच्याने खातो, लोक हसतात, हसू दे. वाजवायच्या आधी साबणाने हात, वाजवून झालं की सुती फडकं तारेच्या खालून वरून ओढायचं, चारही. एवढ्यानेच माझ्या तारांचं आयुष्य जवळपास दुप्पट झालं असं मला वाटतं. वरून प्लास्टिकसारखा पातळ थर दिलेल्या तारा पण मिळतात, त्या खरंच जास्त टिकतात, पण किंमत दुप्पट आणि बोटाला मला त्या बुळबुळीत लागतात. ज्याच्या हाताला खारा घाम आहे त्याने त्याच घ्याव्यात.

बदलताना मी सगळ्या चुका केलेल्या आहेत त्यामुळे दोन शब्द अधिकाराने. एकदा घाईत तार खुंटीला लावायच्या आधीच सरळ पकडीने कापली, न वाकवता, आणि आतला गाभा गुंडाळीत फिरला, नवी कोरी ई ची तार पहिल्या दिवसापासून मेलेली. आधी काटकोनात कडक वाकवायची, मग वाकाच्या पुढे कापायची. खुंटीच्या पुढे चारेक बोटं नाही, चांगली सहा बोटं जागा सोडायची म्हणजे दोन-तीन वेढे खालच्या दिशेने बसतात. आणि चारही तारा एकदम काढून ठेवू नका, त्या चौघी मिळून मानेला पाऊणशे किलोच्या आसपास ओढून धरतात, तो ताण एकदम सुटला की मान हलते. लगेच नव्या लावल्या तर फार बिघडत नाही, पण मी काढून चार दिवस लग्नाला गेलो होतो. एकेक बदलावी.

पण खरी अडचण या कशातच नाही, कधी बदलायची ते स्वतःला ऐकूच येत नाही ही आहे. रोज थोडी थोडी मरते ना ती, आणि कान रोज थोडं थोडं मान्य करतो. मला तीन वर्षांत एकदाही असं वाटलं नाही की काल छान होती आणि आज नाही. साउंडवाल्याला वाटलं, आत्याला दारातून वाटलं, कारण त्यांनी मधले हजार दिवस ऐकले नव्हते. म्हणून मी आता एक करतो, नव्या तारा लावल्या की दुसऱ्या दिवशी फोनवर चारही मोकळ्या तारा रेकॉर्ड करतो, एकेक तार पूर्ण विझेपर्यंत, आणि तारीख बोलून ठेवतो. दर महिन्याला तसंच पुन्हा. मग दोन्ही एकामागोमाग ऐकायचे. पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीन महिन्यांच्या फरकानेच पोटात गोळा आला, मी शपथेवर सांगितलं असतं की काही बदललेलं नाही.

जाड तारा आधी जातात हेही त्यातच कळलं. ई आधी, मग ए. सगळ्यात पातळ जी ची तार शेवटपर्यंत टुमटुमीत. कुणी म्हणतं फक्त जाड दोन बदला, पैसे वाचतात, मी करून पाहिलं, एका घरात दोन नव्या सुना आणि दोन जुन्या सासवा, आवाज जुळत नाही.

आणि अगदी नव्या कोऱ्या तारा? त्याही मला नकोशा वाटतात. पहिले तीन-चार दिवस नुसती कटकट, फ्रेटवर बोट सरकवलं की किर्रर्र, सूर उतरत राहतो. नवरात्राच्या आठवडाभर आधी लावल्या की घटस्थापनेला नेमक्या येतात. अष्टमीला सगळ्यात गोड. शरद पौर्णिमेला उतार लागतो, पण त्या रात्री दूधपोह्यांकडे लक्ष जास्त असतं.

भावगीतांचं मात्र उलट. तिथे ढोल नाही, हळू तबला, संवादिनी, गाणाऱ्याच्या मागे बेसने फक्त सावली धरायची. खणखणीत तार तिथे पाहुण्यांसमोर मोठ्याने बोलणाऱ्या मुलासारखी वाटते. त्यासाठी एक जुना दुसरा बेस घ्यायचा आणि त्यावर फ्लॅटवाउंड लावून विसरून जायचं असा माझा विचार चाललाय, जेमरसनच्या नावाने, या वेळी प्रामाणिकपणे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सध्याच्या तारा पाच महिन्यांच्या आहेत. काल रेकॉर्डिंग ऐकलं, ई चं वरचं घर रिकामं व्हायला लागलंय, नक्की. आत्याला फोनवरच ऐकवलं, ती म्हणाली, "पहिलीच बरी. ही दमलीय." नवा सेट गव्हाच्या डब्याशेजारी आहे. पण येत्या रविवारी मंडळाचा भावगीतांचा कार्यक्रम आहे, त्याला दमलेलीच लागते, तेव्हा सोमवारी बघू.